कानबाईचं उरलेलं तेल

मी कापड विणायला जायचो ते लूमचं खातं बंद पडून चार महिने झाले होते आणि मी घरी बसून जगाची काळजी करत होतो. बायको साड्यांना टिकल्या चिकटवायची, त्यावर घर चालायचं. अशात एका बायोडिझेलच्या कारखान्याचा माणूस भेटला. तळणीचं वापरलेलं तेल घेऊन ते त्याचं इंधन करत. फरसाणवाल्यांचं तेल आधीच दुसऱ्यांनी धरून ठेवलं होतं. तुमच्या गोडादरा भागातल्या घरांतून पहिला कॅन भरून आणा, मग तेल गोळा करायचं काम कायम तुमचं, असं तो म्हणाला.

माझं डोकं नको तिथे फार चालतं. श्रावणात आमच्या खान्देशी गल्लीत घरोघरी कानबाई बसते. देवीच्या फुलोऱ्यासाठी करंज्या, पापड्या तळतात, कढया भरून. सोमवारी देवी बोळवली की मंगळवारी तेलच तेल! मंगळवारपासून मी कामाला, असं बायकोला सांगून टाकलं. ती टिकल्या चिकटवत राहिली. मी तो होकार धरला.

मंगळवारी सकाळी निळा कॅन घेऊन निघालो. दारोदारी भाषण ठोकलं: धूर, हवा, देशाचं भवितव्य. बायकांनी कौतुकानं ऐकून घेतलं, चहा पाजला. सात घरं, सात कप चहा, कॅन कोरडा. शेवटी कोपऱ्यावरच्या काकूंना माझी दया आली असावी.

"बापू, तेल कधी वाया जास का? महिनाभर फोडणीले पुरस. आनि कानबाईनं तेल भाऊबंदकीना बाहेर देतस नही. तुले माहीत नही का?"

माहीत होतं. आईनं कानबाईच्या प्रसादाच्या रोटाचा तुकडासुद्धा कधी भाऊबंद सोडून शेजारी दिला नव्हता. पण मी इंधनतज्ज्ञ झालो होतो ना! आमच्या गल्लीत तेल टाकाऊ व्हायच्या आधीच पोटात जातं, एवढं कळायला मला सात कप चहा लागला.

घरी आलो. बायकोनं कॅनमध्ये डोकावून पाहिलं. मग फळीवरचं झाकलेलं पातेलं उतरवलं, आमच्याच फुलोऱ्याचं तेल, आणि कॅनपाशी आणलं.

"एवढ्यानं सुरुवात होईल ना?" तिनं विचारलं.

महिन्याची फोडणी होती ती. शिवाय देवीचा नेम, जो तिनं लग्नापासून एकदाही मोडला नव्हता. चार महिन्यांत तिनं एकदा तरी टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. मी तिचा हात धरला, पातेलं काढून घेतलं आणि परत फळीवर ठेवलं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

कारखान्याच्या माणसाला फोन करून सांगितलं, आमच्याकडे वाया जाणारं तेल नाही. त्यानं ते काम दुसऱ्याला दिलं. दुपारी त्या तेलात केलेली वांग्याची भाजी मी दोनदा मागून घेतली.

जेवण झाल्यावर तिच्यासमोर साडीचं दुसरं टोक धरून बसलो. चार महिन्यांत पहिल्यांदाच. माझ्या सगळ्या टिकल्या वाकड्या लागल्या. तिनं एकेक उपटली आणि माझ्याकडूनच परत लावून घेतली.