आठाच्या ठोक्याला उघडलेलं पान

आमच्याकडे एक जुना मोबाइल आहे. गणपतीच्या गाडीचं तिकीट त्याच्यावरच काढायचं, हा घरचा नेम. पहिल्यांदा त्याच्यावर कन्फर्म मिळालं तेव्हापासून त्यात काही अपडेट करायचं नाही, उगाच नशीब बिघडेल. हा नियम आईचा नव्हे, माझा. अंधेरीच्या ऑफिसात दिवसभर लोकांच्या वेबसाइट तपासणारा मी, लाज वाटते सांगायला.

यंदा गावच्या घरी गणपती बसवायचा मान आमचा होता. चुलत घरांतून फिरत फिरत तो कितीतरी वर्षांनी आला होता, आणि गुडघ्यांमुळे आईला बसचा प्रवास झेपत नाही. गाडीचं तिकीट नाही तर आई नाही, इतकं सरळ होतं.

बुकिंग सकाळी आठला उघडतं. दिंडोशीच्या आमच्या घरात आई देवापुढे दिवा लावून माझ्या बाजूला येऊन बसली. गावच्या ग्रुपवर कुणीतरी जादा गाड्यांची लिंक टाकली होती. आठ वाजले, मी जुन्या मोबाइलवर ती दाबली आणि पान झटकन उघडलं. झकास, म्हटलं. वर पत्ता बघितला, बरोबर होता. कुलपाची खूण होती. अक्षर न् अक्षर तपासलं, तेच तर माझं काम. मग कार्डाचा नंबर टाकायला घेतला.

आईनं माझं मनगट धरलं.

"ह्यां इतक्या बेगीन कसां उघडलां रे?"

"नशीब गं. टाकू दे ना."

"आठाच्या ठोक्याक ही साइट कधी उघडता? सगळां कोकण तिच्यार बसलेलां आसता. थांब तू."

चिडलो मी. इथे एकेक सेकंद जातोय आणि हिचं भलतंच. पण ती हात सोडेना, म्हणून तिला गप्प करायला माझ्या रोजच्या फोनवर तीच लिंक उघडली. पान तेच, पण वरच्या पट्टीत भलताच पत्ता, कधी न ऐकलेला. जुन्या मोबाइलवरचं पान मी तिथल्या तिथे बंद केलं.

जुन्या ब्राउझरमध्ये भोक होतं, हे नंतर वाचून कळलं. पान चोराचं, पण पट्टीत पत्ता खऱ्या साइटचा दिसायचा. दुरुस्ती कधीच आली होती, ती मीच लावू दिली नव्हती. ज्या पट्टीवर भरवसा ठेवा म्हणून मी लोकांना सांगतो, तीच खोटं बोलत होती. आणि आईनं ती वाचलीही नव्हती, तिला इंग्रजी येत नाही. तिला आपल्या माणसांची गर्दी कळते. अजून आठवलं की मी थक्क होतो.

मग रोजच्या फोनवर खऱ्या साइटचा पत्ता स्वतः टाइप केला. चाक फिरायला लागलं. फिरतच राहिलं. दर वर्षी मी या चाकाला शिव्या घालतो.

आई भिंतीला टेकली. "हां, ही खरी," म्हणाली, आणि त्या चाकाला तिनं हात जोडले. मीही जोडले.

चाक थांबलं तेव्हा पानावर आईचं नाव होतं. खालची बर्थ, कन्फर्म.