शाईच्या बाटलीवरची चिठ्ठी

त्या सोमवारी शाई मी हलवली नव्हती. एवढं एक वाक्य बोलायला मला दोन वर्षं लागली.

मी नाशिकमधल्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. कांद्याच्या चाळीतला ओलावा मोजून वायरलेसने कळवणारी एक पट्टी आम्ही बनवत होतो. तांब्याचा अँटेना महिन्याभरात हिरवा पडला. आमच्या लॅब असिस्टंट ताई सटाण्याच्या. चाळीतल्या वाफेत धातू टिकत नाही, हे त्यांनीच आधी सांगितलं होतं. मग आम्ही कार्बनच्या नळ्यांकडे वळलो. केसापेक्षा हजारो पट बारीक अशा या नळ्यांची काळी शाई करून कागदावर अँटेना छापायचा. तो गंजत नाही.

पण ठेवून दिली की त्या नळ्या एकमेकींना चिकटून तळाशी बसतात. वापरण्याआधी बाटली तासभर ध्वनिलहरींच्या यंत्रात हलवावी लागते. ताई दर वेळी बाटलीवर चिठ्ठी चिकटवायच्या: कधी हलवली, पुन्हा कधी हलवायची.

त्या सोमवारी बाहेरून तपासणीला माणसं येणार होती. ताई यायच्या आत, घाईघाईत, मी तशीच शाई घेऊन अँटेना छापला. सिग्नल टेबलाच्या दुसऱ्या टोकालाही पोचेना. "सर, टेबल लहान घ्या," एक सहकारी म्हणाला. सगळे हसले.

मी म्हणालो, "शाई नीट हललेली दिसत नाही. ते काम ताईंकडे असतं."

दोन्ही वाक्यं खरी होती. म्हणूनच ती खपली. तोवर आलेल्या ताईंनी बाटलीकडे पाहिलं. चिठ्ठी नव्हती. ती माझ्या खिशात होती. त्यावर त्यांच्या अक्षरात होतं, 'शुक्रवारी हलवली. सोमवारी वापरण्याआधी पुन्हा एक तास.' पुढच्या आठवड्यात त्यांना स्टोअररूममध्ये बसवलं आणि काम बंद पडलं.

चिठ्ठी मी फेकली नाही. पाकिटात राहिली. रोज पंचवटीतून स्कूटरवर घरी जाताना वाटायचं, उद्या सांगू. उद्याही तेच. या वाटण्याचाच नंतर थकवा येऊ लागला.

गेल्या महिन्यात ते काम पुन्हा सुरू करायचं ठरलं. विभागप्रमुख म्हणाले, या वेळी ताई नकोत, त्या निष्काळजी आहेत. मी तिथून बाहेर पडलो आणि जिना उतरून स्टोअरमध्ये गेलो. ताई काचेचे चंबू पुसत होत्या. मी सगळं सांगितलं.

त्यांनी पुसणं थांबवलं नाही. "मला माहीत होतं सर. इथे या चंबूंसमोर सांगून काय होणार? जिथे बोललात तिथे सांगा."

शुक्रवारच्या विभागाच्या बैठकीला मी त्यांनाही बोलावून घेतलं. त्या दाराशीच उभ्या राहिल्या. मी चिठ्ठी टेबलावर ठेवली, ती कुठून आली ते सांगितलं. कोणी हसलं नाही. मग मी त्यांच्याकडे वळलो.

"ताई, शाई मी हलवली नव्हती. चिठ्ठीही मीच काढली, आणि नाव तुमचं घेतलं. चूक माझी होती. मला माफ करा."