चारोलीच्या गावाला मिठाची गाडी

चामोर्शी-मुलचेऱ्याकडे जायचं असेल तर आता काही विशेष नाही. डांबरी रस्ता आहे, नदीवर पूल आहे, गाडीत गाणी लावून जाता येतं. मी गेले तेव्हा पन्नासचं दशक होतं, चंद्रपूरला चांदा म्हणत आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यातली एक तहसील होती. माझ्याबरोबर मिठाची पोती होती. नव्वदीला आलेय, नात टाइप करते आहे. मध्येच कुठे घसरले तर तिला बोलू नका.

जायचं ठरलं ते सोमीबाईमुळे. आम्ही चौघीजणींनी चांद्यात एक छोटं महिला भांडार काढलं होतं. पापड, लोणची, कुरडया. सोमीबाई जंगलातल्या गोंड गावातली. मुलाला दवाखान्यात आणलं होतं, तेव्हा आमच्या ओट्यावर टेकली. आत बरणीत सोललेली चारोली पाहून तिने भाव विचारला आणि हसत सुटली. तिच्या गावात शेठ यायचा आणि एक माप चारोलीला एक माप मीठ द्यायचा. वर्षानुवर्षं, अख्ख्या गावाला.

"तुमी मीठ आना," ती म्हणाली, "आमी चारोली फोडून देतो. शेठले नाई देत."

बोलणं ठरलं. मीठ योग्य मापाने, उरलेल्या चारोलीचे रोख पैसे, आणि हंगामातल्या पहिल्या बाजाराआधी गाडी गावात. बाजारापर्यंत मीठ पोहोचलं नाही तर बायांना शेठपुढेच टोपली ठेवावी लागणार होती. मीठ काही झाडाला लागत नाही.

घरी सांगितलं तेव्हा दादा म्हणाला, "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, ते आत्ताही म्हणतच आहेत. आई भाकऱ्या बांधून देताना भांडी जरा जास्तच आपटत होती.

चांदा फोर्ट स्टेशनवरून नॅरोगेजच्या छोट्या गाडीने मूलपर्यंत. ही गाडी इतकी सावकाश जायची की उतरून करवंदं तोडून परत चढावं. मूलला लहानूभाऊ बैलगाडी घेऊन हजर होते. चामोर्शीकडचे मासेमारी करणारे ढिवर, नदी त्यांची घरचीच. वाटेत एका झोपडीवजा हॉटेलात गुळाचा चहा आणि तिखटजाळ भजी मिळाली. तशी भजी मी नंतर कुठेच खाल्ली नाहीत, आणि तसा चहाही नाही, सुदैवाने.

मार्कंड्याच्या खालच्या घाटावर वैनगंगा ओलांडायची होती. देवळं अवश्य पाहा, दगडातलं काम बघता बघता मान दुखते. आम्ही मात्र लांबूनच नमस्कार केला. वैशाखात नदी उतरलेली असते, पाणी गुडघ्याएवढं, पण वाळू फसवी. मधोमध डावं चाक रुतलं आणि गाडी कलंडली. दोन पोती पाण्यात पडली. उचलायला गेलो तर हातात नुसतं गोणपाट जड, आतलं मीठ नदीने नेलेलं.

मी रिकामं गोणपाट पिळत रडू लागले. लहानूभाऊंनी बैल सोडले.

"रडून काय होते बाई? नदी खारट होनार नाई आन् मीठ वापस येनार नाई. उरलेली पोती डोक्यावर घ्या."

घेतली. घाटावर जाळी वाळवणारे दोघे धावून आले, त्यांनीही खांदा दिला. त्या दिवशी मला कळलं की माझी मान दिसते त्यापेक्षा मजबूत आहे.

चामोर्शीला मुक्काम, मग घोटपासून पुढे साग, मोह, ऐन आणि धूळ. तुम्ही उन्हाळ्यात गेलात तर पाणी भरपूर घ्या आणि मोहाची फुलं वेचणाऱ्या बायांना वाट विचारा, त्या चुकीची सांगत नाहीत.

गावात पोहोचलो तर सोमीबाईने आधी जेवायला बसवलं. भाताची पेज आणि आंब्याची फोड. पेज अळणी होती. मला वाटलं, विसरली असेल. मग कळलं, घरोघरी तशीच होती. आमच्या ठरावाची कुणकुण लागून शेठने दोन बैलगाड्या आधीच पाठवल्या होत्या, फुकट मीठ घेऊन. गावाने परत पाठवल्या आणि अळणी खात आमची वाट पाहिली. सोमीबाईच्या सुनेला नुकतंच मूल झालं होतं, तीही अळणीच.

ते ऐकून मी उठले, पोतं फोडलं आणि सुनेच्या ओंजळीत मीठ घालायला गेले. सोमीबाईने माझं मनगट धरलं.

"हे काऊन?"

"राहू दे गं. इतके दिवस अळणी... हे असंच घे."

"असंच शेठ बी देते," ती म्हणाली. "लग्नाले देते, बारशाले देते. आमच्या इथी ज्याचं मीठ फुकट खाल्लं, त्याले मंग नाई म्हनता येत नाई. माहा सासरा तसाच बांधला गेला. तू मोजून दे."

मी माप घेतलं आणि मोजून दिलं.

पण दोन पोती नदीत गेलेली. सगळ्यांना पुरेल एवढं मीठ नव्हतं आणि दुसऱ्या दिवशी बाजार. सोमीबाईने बाया जमवल्या. गोंडीत बरंच बोलणं झालं, मला एक अक्षर कळलं नाही. शेवटी प्रत्येक घराने अर्धंच माप घ्यायचं ठरलं. म्हणजे पुढची खेप येईपर्यंत एका वेळेला अळणी.

बाजारात शेठने पोती उघडी मांडली होती. वर पाटी नव्हती, पण नोकर ओरडत होता, "फुकट घ्या, चारोली सवडीनं द्या." बाया त्याच्यासमोरून टोपल्या घेऊन चालत आल्या आणि आमच्या गाडीपाशी थांबल्या. शेठने सोमीबाईला हाक मारली.

"काऊन रुसली बाई? एवढ्या वर्साचं नातं आपलं."

"नातं नोहे शेठ, मीठ होतं," ती म्हणाली. "अळणी खाऊन कोनी मेलं नाई गावात."

मी आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली आणि थोडी ठोकलीही. यापेक्षा चांगलं ऐकलेलं नाही.

मग आठवडाभर जात्यावर चारोली फुटत राहिली. जात्याची वरची पाळू हलक्या हाताने फिरवायची, नाहीतर दाण्याचं पीठ होतं. माझं पीठच झालं. बायांनी मला पाखडायला बसवलं, हसून हसून लोटपोट झाल्या.

चांद्याला परतले तर घराच्या ओसरीवर एक मिठाचं पोतं. शेठचा माणूस मिठाईसकट ठेवून गेला होता. निरोपही होता, "मुलगी दमली असेल, आता घरात राहू द्या." दादा म्हणाला, घेऊन टाकू, वैर कशाला? मी आईला सगळं सांगितलं, पेजेपासून बाजारापर्यंत.

त्याच दिवशी आमच्या घरातलं मीठ संपलेलं होतं. आईने दादाला टांगा आणायला लावून पोतं आणि मिठाई दोन्ही शेठच्या चांद्यातल्या पेढीवर परत धाडली. शेजारून वाटीभर मागता आलं असतं, तिने तेही मागितलं नाही.

पुढे त्या कामात अनेक गावं आली, भांडार मोठं झालं, शेठही एकदोन बदलले. मला विचाराल तर ते सगळं त्या दिवशीच्या आमच्या जेवणात ठरलं. आम्ही तिघं अळणी वरण-भात जेवलो. आईने मला दुसऱ्यांदा वरण वाढलं आणि विचारलं, पुढच्या खेपेला पोती किती लागतील?