भिंगातला कोळी

काल लेकीने अगदी जवळून काढलेला कोळ्याचा फोटो दाखवला आणि मला पर्वत पाटिया वस्तीतली आमची जुनी खोली आठवली. खिडकीत नखाएवढा कोळी दिसला म्हणून आई झाडू घेऊन धावली होती. कापडाच्या कारखान्यात काम करणारे बाबा म्हणाले, "थांब, आधी बघ तरी." धागे तपासायचं भिंग त्यांनी तिच्या हातात दिलं. आई घाबरतच वाकली. मखमली अंग आणि समोर काळेभोर, चकाकणारे टपोरे डोळे.

"हाऊ तं मन्हाकडेच देखी राहिना," हा तर माझ्याकडेच बघतोय, असं ती अहिराणीत पुटपुटली आणि हसायलाच लागली.

तेव्हा मी फक्त कोळी पाहिला. आज आठवतो तो भीती विसरलेला आईचा चेहरा. संध्याकाळी तिनं गुजराती शेजारणीला तिच्याच भाषेत हाक मारली, "आवो ने बेन, आमचा पाहुणा बघून जा."