मेघनाच्या गाडीची शेपूट

आता माझ्या शहाणपणाबद्दल काय बोलावं! चहा घ्या आधी, सांगतो. पस्तीस वर्षं ट्रक हाकला, कुठे ओरखडा नाही. आणि नाक कापून घेतलं ते कुठे? न्यूझीलंडात, हॅमिल्टनला, लेकाच्या दारात!

मी शाळा फारशी पाहिली नाही. जे शिकलो ते ट्रकखाली उताणा पडून. सुहासकडे सहा महिने राहायला गेलो, पण दिवसभर बसून करणार काय? रस्त्यावर बोलायलाही माणूस नाही, सगळे गाडीत. म्हणून सूनबाईंची, मेघनाची, जुनी गाडी हाती घेतली. घरात कोणी नसताना धुतली, तेल बघितलं, सीटखालचा बिस्किटांचा चुरा काढला. दोन टायर नवे होते, दोन झिजलेले. जॅक लावून त्यांच्याही जागा रीतसर बदलल्या. कुणाला सांगितलं नाही. आपल्याच घरचं काम, त्याचा काय डंका वाजवायचा?

दुसऱ्या दिवशी पाऊस. मेघना घरी आली ती पांढरी पडून.

"बाबा, राउंडअबाउटवर गाडीची मागची बाजू सरकन बाहेर गेली! ईरा मागे बसली होती हो!"

ईरा, आमची चार वर्षांची नात, टाळ्या पिटत म्हणते, "अगेन, मम्मी! अगेन!"

सुहास म्हणाला, "वीस वर्षांची झाली गाडी. भंगारात देऊन टाकू."

मेघनाचे डोळे भरले. तिथल्या पहिल्या पगारांतून घेतलेली गाडी ती. मला राहवेना. म्हटलं, "शनिवारपर्यंत थांब. दोष मी काढतो."

आणि लागलो की कामाला! मागचा कोपरा दाबून सोडला. गाडी एकदा वर आली आणि शहाण्यासारखी गप्प बसली. म्हणजे शॉकअप चांगले. चाक धरून हलवलं. खडखड नाही, बेअरिंग चांगलं. मग पुठ्ठा अंथरून खाली शिरलो आणि सांध्यातला एकेक रबरी बुश बॅटरीच्या उजेडात बघत पडलो. माझं काम सावकाश. इतकं सावकाश, की शेजारीणबाईंना गाडीखालून नुसते दोन पाय दिसले, तासभर न हललेले. त्यांनी थेट सुहासला ऑफिसात फोन केला, ॲम्ब्युलन्स बोलावू का म्हणून!

बुशही चांगले निघाले. मग उरलं काय? मी विचार केला, रिकामा ट्रक पावसात मागून उडतो. ही गाडी मागून हलकी पडते, बस्स! डिकीत बागेतल्या मातीची दोन पोती टाकली, वर कणकेची पिशवी. सुहासला म्हटलं, "चल, घे चक्कर."

पहिल्याच ओल्या वळणाला शेपूट अशी फिरली, की मी सीटला मिठी मारली.

"बाबा, आता तर जास्तच!"

"वजन कमी पडलं रे."

"बाबा!!"

शनिवारी गाडी गॅरेजला गेली. मागोमाग आम्ही सगळे, जणू पेशंट ऑपरेशनला नेलाय. गॅरेजवाला धिप्पाड माओरी गडी. "किया ओरा" म्हणत हात मिळवला, गाडीभोवती एक फेरी मारली. खाली वाकलासुद्धा नाही. सुहासला काहीतरी विचारलं.

मी म्हटलं, "काय म्हणतो?"

सुहास माझ्याकडे बघतच राहिला. "विचारतोय, चांगले टायर पुढे आणि झिजलेले मागे कोणी लावले?"

आता मला सांगा, ट्रकला नवा टायर आला की कुठे जातो? पुढे! पुढचा फुटला तर स्टेअरिंग गेलं. मागे काय, जोडीची चाकं, एक बसलं तर दुसरं आहे. पस्तीस वर्षं हेच केलं. पण या चिमुकल्या गाडीला मागे जोडी कुठली? पावसात पुढची चाकं रस्ता धरतात, मागची सोडून देतात.

"बाकी गाडी?" मेघनानं घाबरत विचारलं.

"स्वीट ॲज!" गॅरेजवाल्यानं अंगठा दाखवला, म्हणजे एकदम झकास. टायर मागचे पुढे केले, मातीची पोती हसत हसत उतरवली, झालं. मेघनाची गाडी वाचली. मला मात्र परतीच्या वाटेत खिडकीबाहेरच्या गाई फार बघाव्याशा वाटल्या.

मेघना गुणाची पोर. गाडी धुवायला पुढेही द्यायची मला. फक्त जॅक कुठे ठेवलाय, ते मला सोडून घरात सगळ्यांना माहीत. अगदी ईरालासुद्धा. विचारलं, की "नो, आजोबा!" म्हणायची.