डोक्याला प्लास्टर नसतं

मॅचआधी कर्णिक कोच प्रत्येक पोराच्या डोक्यावर बोटाच्या पेराने टकटक करायचे, बाजारात नारळ वाजवून बघावा तसं. "नारळ शाबूत?" पोरं हसून "येस कोच" म्हणायची. माझा नातू रोहन सगळ्यांत मोठ्याने. घरी मी हाका मारून दमले तरी ओ द्यायचा नाही.

कोच इथे लंडनच्या हाउन्सलोतच जन्मलेले, चाळिशीचे, टकलू. मराठी मोडकं, पण बोलायची हौस भारी. रोहनच्या कॉलेजात फुटबॉल शिकवायचे. मला ते आवडायचे नाहीत. रोहनचे आईबाप एअरपोर्टवर शिफ्टला, पोराला वाढवलं मी, आणि जेवताना त्याच्या तोंडी नाव कोचचं.

कॉलेज कपच्या सेमी-फायनलला हेडर मारताना रोहनचं डोकं दुसऱ्या मुलाच्या डोक्यावर आपटलं. पडला, उठला, "आय ॲम फाइन" म्हणाला. एक-एक बरोबरी होती. बदली खेळाडू सगळे वापरून झालेले, तो बाहेर आला तर आपले दहाच उरणार. कोचनी विचारलं, "आज कोणाशी खेळतोय आपण?" रोहनने मागच्या आठवड्यातल्या टीमचं नाव सांगितलं. कोचनी त्याला दंडाला धरून बाहेर आणलं.

माझा मुलगा विजय, रोहनचा बाप, ओरडला, "अहो, पाचच मिनिटं राहिलीत! तो उभा आहे ना!"

"उभा तर गोलपोस्ट पण आहे," कोच म्हणाले. "पाय मोडला तर प्लास्टर आहे. डोक्याला प्लास्टर नसतो. इथे त्याचा जबाबदारी माझा आहे."

गोल बसला. हरलो.

हॉस्पिटलात दाखवून रोहनला घरी आणलं, कोचही सोबत आले. मी तेल कोमट करून डोक्याला चोळायला बसले. आमच्याकडे डोक्याला काही झालं की तेलच. कोचनी माझा हात धरला. "नको आजी, चोळू नका. अंधार करा, झोपू द्या." माझ्या घरात, माझ्या नातवाच्या डोक्यावरून माझा हात काढला!

मग रोज संध्याकाळी यायचे. टीव्ही बंद, पळणं बंद. रोहन मुकाट ऐकायचा.

"माझं कधी ऐकलंस का रे असं?"

"आजी, कोच सांगतायत ना."

मी कोचना पोहे द्यायचे, पण मुद्दाम जाळ तिखट. डोळे पुसत खायचे आणि वर "मस्त आजी" म्हणायचे.

कोचमुळे मॅच हरली म्हणून पालकांनी कॉलेजात तक्रार केली, विजय सगळ्यांत पुढे. पुढच्या वर्षी दुसरा कोच आला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? पण रोहन दर रविवारी कर्णिकांकडे जातच राहिला.

काही वर्षांनी ते हार्ट अटॅकने गेले. क्रिमेटोरियममध्ये रोहन जेवढा रडला, तेवढा स्वतःचे आजोबा गेले तेव्हाही रडला नव्हता. मी गेल्यावर हा एवढा रडेल का, एवढंच माझ्या मनात चाललं होतं.

घरी येऊन तो माझ्या पायाशी बसला. "आजी, रडून डोकं दुखतंय. तेल लाव."

मी वाटी आणली, केसांत बोटं घातली. डोकं शाबूत होतं. ते मी राखलं नव्हतं. हे मला अजून खुपतं.