बेंबीखालचे दोन ठिपके

'बोंग-निम, सव्वीस वर्षं मी तुझी पाठ घासते आहे. तुझ्या अंगावरचा तीळन् तीळ मला पाठ आहे. पोट कापून घेतलंस, बरं केलंस. तीन बाळंतपणांनी लोंबलेलं पोट, ते काय जन्मभर वागवायचं? पण माझ्याशी खोटं का बोललीस?'

एवढं लिहून पिल-सुनने कागद चुरगळला. लिहिणं हे तिचं कामच नव्हे. कोरियातल्या बुसान शहरात बायकांच्या हमामखान्यात गिऱ्हाइकाला ओल्या बाकावर आडवं करायचं आणि हिरव्या खरखरीत फडक्याने मळ काढायचा, हे तिचं काम. कुणाचं पित्ताशय काढलंय, कुणाला नवऱ्याने चटका दिलाय, सगळं तिच्या बोटांना कळे. तोंडातून मात्र अवाक्षर नाही.

सतराव्या वर्षी दोघी बुटांच्या कारखान्यात सोल चिकटवत. सख्खी बहीण दोघींनाही नव्हती. एका रविवारी वसतिगृहात पिल-सुनने सुईला दोरा गुंडाळला, शाईत बुडवला आणि बोंग-निमच्या बेंबीखाली दोन ठिपके टोचले. मग बोंग-निमने तिच्या पोटावर. एक तुझा, एक माझा. बेंबीखाली अशासाठी, की मुकादमाला दिसू नयेत. गोंदवलेली पोरगी म्हणजे गुंडाची बाई, असाच लोकांचा समज.

गेल्या शरदात बोंग-निम तीन महिने गायब. 'लेकीकडे जाते, नातवाला दात येताहेत,' म्हणाली होती. परत येऊन बाकावर आडवी झाली, टॉवेल बाजूला केला, तर या कमरेपासून त्या कमरेपर्यंत लालसर व्रण. बेंबी नवी कोरी, बटण शिवल्यासारखी. ठिपके नाहीत.

"अगं, ठिपके कुठायत?"

"कापले मेल्या डॉक्टरने! मी भुलीत पडलेली. शुद्धीवर येऊन बघते तर नाहीत. काय रडले सांगू!"

पिल-सुनने डॉक्टरच्या सात पिढ्या उद्धरल्या. मग म्हणाली, "कातडं मुरू दे. वर्षाने मी पुन्हा टोचते. सुई आहे माझ्याकडे. शाई तू आण, तुझ्या घराखालीच दुकान आहे. आताच आणून ठेव, नाहीतर विसरशील."

"आणते की."

दर मंगळवारी ती यायची आणि दर मंगळवारी कपाळावर हात मारायची, "विसरले बाई!"

वसंतात एक तरुण बाई बाकावर आली. तिलाही तसाच व्रण, आणि नव्या बेंबीजवळ गोंदलेलं, ताणून लांबट झालेलं सूर्यफूल.

"हसू नका मावशी. सूर्यफुलाचं भोपळ्याचं फूल झालंय."

"डॉक्टरने न विचारताच केलं?"

"छे! उभं करून पेनाने रेघा मारतात, फोटो काढतात. बेंबीखालचं कातडं कापून टाकतात, वरचं खाली ओढून शिवतात. माझं फूल वर होतं म्हणून वाचलं. खाली एक मासा होता. तो जाणार, हे आधीच सांगून सही घेतली."

दवाखाना कोणता, ते पिल-सुनने विचारलं. बोंग-निमचाच, डॉक्टरही तोच.

पुढच्या मंगळवारी बोंग-निमच्या पोटावर फडकं टेकवून पिल-सुन थांबली.

"तुला विचारलं होतं ना त्याने?"

बोंग-निम छताकडे बघत राहिली. "विचारलं होतं. छोटं ऑपरेशन केलं तर ठिपके नुसते खाली सरकतील, म्हणाला. मी म्हटलं, जाऊ देत."

"का?"

"लेकीच्या सासूबरोबर गरम पाण्यात बसले होते. ठिपके बघून म्हणते कशी, 'विहीणबाई, तरुणपणी कुठल्या टोळीत होतात?' सगळ्या खदाखदा हसल्या."

"तसं सांगायचंस मला."

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि मी डॉक्टरला शिव्या देत होते, तेव्हा मजा वाटली?"

पिल-सुनने तांब्याभर पाणी ओतलं. "पालथी हो." पाठ घासली, टाचा घासल्या, रोजच्यासारख्याच, तसूभरही कसर नाही. जाताना बोंग-निमने बाकाच्या कडेला केळ्याच्या स्वादाच्या दुधाची बाटली ठेवली. पिल-सुनने ती पुढच्या गिऱ्हाइकाला देऊन टाकली.

त्यानंतरच्या मंगळवारी बोंग-निम आली नाही. दोरा गुंडाळलेली सुई पिल-सुनच्या कपाटात साबणाच्या डबीत आहे. शाई तिलाही आणता आली असती. तिची बस त्या दुकानासमोरच थांबते. पण ते काम बोंग-निमचं होतं.